फक्की आधी, माणसं नंतर: संस्थेत स्वयंसेवक जोडायचे आणि टिकवायचे कसे

1 मे 2018. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचा, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचा, तो तिसरा उन्हाळा होता आणि 75 तालुक्यांतली गावं त्यात उतरली होती. महाराष्ट्र दिनाच्या महाश्रमदानाला शहरांतून जे 'जलमित्र' गेले, त्यांत मीही होते. बस माळाच्या पायथ्याशी थांबली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. वर चढून पाहिलं तर सगळ्या उतारावर पांढऱ्या फक्कीने चर आखून ठेवलेले. प्रत्येक चराच्या तोंडाशी दोन कुदळी, एक फावडं, तीन घमेली. गावातल्या एका मावशींनी आमच्या गटातली डोकी मोजली आणि म्हणाल्या, "हे दोन चर तुमचे. माती खालच्या अंगाला टाका. वर टाकाल तर पहिल्या पावसात पुन्हा चरातच येईल." पाचव्या मिनिटाला आम्ही खणत होतो.

आदल्या वर्षी मी दुसऱ्याच एका गावी गेले होते. तिथे माणसं आमच्याइतकीच होती, उत्साह कदाचित जास्तच होता. पण कुठे खणायचं हे ठरलेलं नव्हतं. अवजारं यायला नऊ वाजले. तोवर स्वागत झालं, भाषणं झाली, फोटो झाले, ऊन चढलं. दोन-चार घमेली माती इकडची तिकडे करून सगळे बसमध्ये बसले. परतीच्या वाटेवर आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "आपण उगाचच आलो ना?" तो पुढच्या वर्षी आला नाही.

मी पुण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. बरीच वर्षं झाली. ओळखीच्या संस्थांमधून एक वाक्य सारखं कानावर येतं: "स्वयंसेवक टिकत नाहीत हो. नव्याचे नऊ दिवस." मला मात्र दरवेळी तो माळ आठवतो. माणूस आला त्या दिवशी त्याच्यासाठी फक्की मारलेली होती का? माझ्या अनुभवात, सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक जण आमच्या ढिसाळपणामुळे गेले. लोक घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आनंदाने येतात, पण पीठ मळलेलं आणि चूल पेटलेली असायला हवी. ती जबाबदारी संस्थेची.

नव्याने संस्थेचं काम सुरू करणाऱ्यांसाठी, किंवा 'तूच आता स्वयंसेवकांचं बघ' असं ज्यांना अचानक सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं अभ्यासिकेची आहेत, कारण ते काम मला माहीत आहे. तुमचं काम वाचनालयाचं असेल, रक्तदान शिबिराचं असेल, नदीकाठी निर्माल्य गोळा करण्याचं असेल, तर तपशील आपापले बदलून घ्या.

पायरी 1: काम कागदावर उतरवा

"काहीही सांगा, मी करेन," असं नवा माणूस म्हणतो. आपण म्हणतो, "या ना, बघू काहीतरी." हे दोघंही एकमेकांना फसवत असतात. तो येतो, कोपऱ्यात बसतो, कुणीतरी चहा देतं, मुलं त्याचं नाव विचारतात, आणि साडेसात वाजतात. असं तीनदा झालं की चौथ्यांदा तो येत नाही.

म्हणून कुणालाही बोलावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि महिनाभरात संस्थेत काय काय कामं निघतात ती सगळी लिहून काढा. आमच्या यादीत वाचन घेणं आणि गणित घेणं होतंच, पण फाटलेल्या पुस्तकांना कव्हर घालणं, पालकसभेचा निरोप घरोघरी देणं, महिन्याचा खर्च एक्सेलमध्ये भरणं, देणगीदारांना पत्रं लिहिणं हेही निघालं. ज्यांना मुलांसमोर उभं राहायची धास्ती वाटते अशी कितीतरी माणसं या दुसऱ्या प्रकारच्या कामांवर वर्षानुवर्षं टिकली आहेत.

मग प्रत्येक कामासाठी चार ओळी लिहा. आमची एक अशी आहे:

"सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी 6 ते 7:30. समाजमंदिराची मागची खोली. पाचवी-सहावीतली 6 मुलं, मराठी वाचन. पुस्तकं आणि पाट्या आम्ही देऊ. किमान 3 महिने. शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालेल, वेळ मात्र पाळावी लागेल. अडचण आली तर अभ्यासिकेच्या ताईंना विचारायचं."

'किमान 3 महिने' आणि 'वेळ पाळावी लागेल' हे वाचून निम्मे लोक फोनच करत नाहीत. करू नयेत. उरतात ते येतात.

एक पथ्य पाळा. जे काम एक दिवसही बंद पडून चालणार नाही, ते स्वयंसेवकावर सोपवू नका. दार उघडणं, रोकड सांभाळणं, आजारी मुलाला घरी पोचवणं ही कामं पगारी माणसाची किंवा विश्वस्तांची.

पायरी 2: एकच माणूस ठरवा

'आम्ही सगळेच लक्ष देतो' याचा अर्थ कुणीच देत नाही. स्वयंसेवकाने रात्री नऊ वाजता "उद्या येऊ शकत नाही" हे कुणाला कळवायचं, ते नाव एकच हवं. या माणसाला संस्थेने त्यासाठी आठवड्यातले ठरावीक तास मोकळे करून दिले पाहिजेत. फोन करणं, वही भरणं, नव्या माणसाच्या शेजारी बसणं याला खरोखर वेळ लागतो. माझा अंदाज असा की एका माणसाला बारा-पंधरा स्वयंसेवक नीट सांभाळता येतात. त्यापुढे गेलं की नावं लक्षात राहतात, माणसं राहत नाहीत.

पायरी 3: माणसं कुठे शोधायची

सर्वात आधी घराजवळ. आमचे सगळ्यात चांगले स्वयंसेवक दादा-ताई हे याच अभ्यासिकेत शिकून अकरावी-बारावी पार केलेले आहेत. त्यांना गल्ली माहीत, घरं माहीत, कुठल्या मुलाच्या बापाला किती वाजता भेटायचं तेही माहीत. त्यांना विचारायला आम्ही पाच वर्षं लावली, कारण 'ती आपलीच मुलं, ती काय शिकवणार' असं डोक्यात होतं. ही चूक तुम्ही करू नका.

महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना हा दुसरा मोठा झरा. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ही योजना सुरू झाली. त्यातल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं, म्हणजे वर्षाला 120, आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की महाविद्यालयातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना जून-जुलैमध्येच भेटा. फेब्रुवारीत गेलात तर तास भरून काढायला आलेली मुलं मिळतात. जुलैत गेलात तर काम करायला आलेली मिळतात, आणि त्यांचे तासही भरतात.

पण विद्यार्थ्यांचं वर्ष कसं असतं ते आधी कॅलेंडरवर मांडून बघा. गणपतीचे दहा दिवस कुणी येत नाही. दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा, मग गावी जाणं. मार्चनंतर पुन्हा परीक्षा. आणि आपल्या दहावीच्या मुलांना खरी गरज असते नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत. हे दरवर्षी असंच होतं, तरी दरवर्षी संस्था गडबडतात. त्या आठवड्यांसाठी ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी आधीच सांगून ठेवा.

ज्येष्ठांबद्दल थोडं सविस्तर सांगते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे गणित घ्यायला यायचे. शिकवणं उत्तम, मुलं खूश. दोन आठवड्यांनी यायचे बंद झाले. फोन केला की म्हणायचे, "बघतो, जरा कामं आहेत." शेवटी मी त्यांच्या घरी गेले. बऱ्याच गप्पांनंतर कळलं की त्यांना सतरंजीवर मांडी घालून बसवत नव्हतं. एकदा उठताना भिंत धरावी लागली, मुलं हसली, आणि खुर्ची मागायचा त्यांना संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, काकाही आले. त्यानंतर नव्या माणसाला पहिल्याच भेटीत मी विचारते: बसायला, चढायला, दिसायला, ऐकायला काही त्रास आहे का? सहज विचारलं की लोक सहज सांगतात.

कंपन्यांचे गट हा वेगळा प्रकार. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 ने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग सामाजिक कामावर खर्च करायला लावला, त्यानंतर त्यांचं सामाजिक संस्थांकडे येणं-जाणं वाढलं, आणि 'आमची तीस माणसं शनिवारी येतील, काहीतरी उपक्रम ठेवा' असे फोन येऊ लागले. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला मुलांना शिकवायला लावू नका. मुलांना दर शनिवारी नवी तोंडं दाखवण्यात त्यांचं काहीच भलं नाही. त्यांना एका दिवसात पुरं होणारं काम द्या: भिंतीला रंग, फळ्याला काळा रंग, पुस्तकपेट्यांची मांडणी. आणि तीस माणसांना पुरेल एवढं काम नसेल तर "बाराच पाठवा" असं स्पष्ट सांगा. देणगीच्या आशेने तीस जणांना होकार देऊन मग त्यांना उभं करून ठेवणं दोघांच्याही वेळेचा अपमान आहे.

पायरी 4: पहिली भेट आणि कागदपत्रं

भेट संस्थेच्या जागीच घ्या, कॅफेत नको. येण्या-जाण्याचा रस्ता, वास, गोंगाट, अरुंद बोळ हे सगळं त्या माणसाला पहिल्या दिवशी दिसू दे. अर्धा तास बोला. त्यात तुम्ही कमी बोला. काय आवडतं, आठवड्यातले कुठले दिवस खरंच मोकळे असतात, यापूर्वी कुठे काम केलं होतं आणि ते का सुटलं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात खूप काही कळतं.

कागदपत्रांत हयगय नको. मुलांसोबत काम असेल तर ओळखपत्राची प्रत, दोन ओळखीच्या माणसांचे फोन (आणि ते फोन खरंच करा), पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं कुणी विचारलंच तर मी सांगते, "आम्ही विश्वस्तांकडूनही घेतलंय." आणि ते खरं असतं.

दोन कायदे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. पहिला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा अपराध घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती असली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आपापसात बोलून बघू' ही मुभा कायदा देत नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. दुसरा कायदा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, 2013 चा. पुष्कळ संस्थांना वाटतं तो फक्त पगारी नोकरांसाठी आहे. तसं नाही. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत मोबदला न घेता स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

मग आमचे घरचे नियम. मुलांसोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. मुलांशी परस्पर फोन-मेसेज नाहीत. फोटो काढायचे नाहीत, आणि संस्थेने काढायचे असले तरी पालकांची लेखी संमती घेऊनच. एकट्या मुलाला भेटवस्तू द्यायची नाही. या शेवटच्या नियमावर लोक हिरमुसतात. एका प्रेमळ ताईंनी एका मुलाला नवं दप्तर आणून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा अभ्यासिकेत आला नाही, कारण बाकीच्यांनी त्याला 'ताईंचा लाडका' म्हणून भंडावून सोडलं होतं, आणि आणखी दोघांच्या आया दारात उभ्या होत्या. द्यायचंच असेल तर संस्थेकडे द्या, गरज बघून आम्ही वाटू.

पायरी 5: पहिल्या तीन खेपा

माणूस टिकणार की जाणार, हे पहिल्या तीन खेपांत ठरतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून या तीन दिवसांची आखणी फक्कीसारखी करा.

पहिल्या दिवशी त्याने फक्त बघायचं. जुन्या ताईंच्या शेजारी बसायचं, मुलांची नावं लिहून घ्यायची, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, खडू कुठल्या डब्यात, हे सगळं त्याला हाताने दाखवायचं. हो, खडूही दाखवायचे. शिकलेल्या, मोठ्या नोकरीतल्या माणसालाही नव्या जागी 'हे घेऊ का, ते उघडू का' असं विचारत बसणं अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी दोन मुलं आणि एक छोटं काम. आम्ही बहुतेक वेळा वीस ओळींचा धडा देतो. मुलाने वाचायचा, दादाने ऐकायचा, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची. वीस मिनिटांत संपतं, आणि संपलेलं डोळ्यांना दिसतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा गट त्याच्या हवाली. पण वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं मी त्याच्याजवळ बसते. "कसं वाटलं?" असं मोघम विचारत नाही, कारण त्याला सगळे "छान" म्हणतात. मी विचारते, "आज कुठे अडलं?" मग कळतं की सहावीतल्या एका मुलीला जोडाक्षरं येत नाहीत आणि त्याला वाटतंय की चूक आपली आहे. ते त्याच दिवशी त्याच्या मनातून काढून टाकायला हवं. सहावीपर्यंत जोडाक्षरं न येणारी मुलं आमच्याकडे येतात म्हणूनच अभ्यासिका आहे, हे मी त्याला सांगते आणि आमची जोडाक्षरांची कार्डं काढून देते.

पायरी 6: वस्तीतल्या ताईंचा मान

याबद्दल फार कमी बोललं जातं आणि याच्यावरून बरंच बिघडतं.

आमच्या अभ्यासिकेच्या ताई वस्तीतल्याच. शिक्षण दहावी, मानधन थोडं, किल्ली त्यांच्याकडे. बाहेरून येणारे स्वयंसेवक इंजिनिअर, एमबीए, कधी डॉक्टर. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ताईंना म्हणतं, "जरा पाणी आणता का?" किंवा मुलांसमोरच सांगतं, "ताई, असं नाही शिकवत." ते वाईट मनाने म्हटलेलं नसतं. पण ताई त्या संध्याकाळी गप्प होतात. मुलं सगळं बघत असतात. ज्या बाईचं ऐकून ती रोज रांगेत चपला लावतात, तिची किंमत त्यांच्यासमोर कमी होते.

म्हणून आता मी पहिल्या भेटीतच सांगते: वर्ग ताईंचा आहे. तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करणार. कुठलं मूल कुठे बसेल, वर्ग कधी सुटेल, कुणाला रागवायचं, हे त्या ठरवतील. तुम्हाला काही वेगळं करून बघायचं असेल तर वर्ग सुटल्यावर त्यांच्याशी बोला. नव्या माणसाची ओळखही मुलांना ताईच करून देतात, मी नाही. आणि पाणी ज्याचं त्याने घ्यायचं.

दोन जण हे ऐकून परत आले नाहीत. मला त्याचं दुःख नाही.

उलट बाजूही सांभाळावी लागते. पगारी माणसाला कधीकधी वाटतं, फुकट काम करणारी माणसं आली, आता आपली गरज संपली. त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय स्वयंसेवक आणू नका. नव्या माणसाचं काम ठरवताना ताईंना शेजारी बसवा. "तुमचा कुठला भार हलका करू?" हा प्रश्न आधी त्यांना विचारायचा.

पायरी 7: कुणी आलं नाही तर

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "उद्या कुणी येऊ शकेल का?" असं टाकून बघा. चाळीस जण वाचतात, कुणी उत्तर देत नाही, आणि चाळीसही जणांना थोडं अपराधी वाटतं. ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. मदत हवी असेल तर नाव घेऊन, एकाला, फोनवर विचारा: "उद्या सहा वाजता तासभर येता येईल का? आठवीचं विज्ञान आहे, धडा काढून ठेवलाय." बहुतेक वेळा होकार येतो.

हजेरीची वही ठेवा. कागदी, दाराशी, पेन दोऱ्याने बांधलेलं. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. विद्यार्थ्यांच्या तासांचा हिशेबही त्यातूनच निघतो.

न कळवता एकदा चुकलं तर काही बोलू नका. दुसऱ्यांदा चुकलं की त्याच रात्री फोन करा. मेसेज नको. आणि सुरुवात "का आला नाहीत?" अशी नको. मी म्हणते, "आज मुलं तुमची वाट बघत होती. सगळं ठीक आहे ना?" पुष्कळदा घरात आजारपण असतं, नोकरीत वेळ बदललेली असते, आणि सांगायची लाज वाटत असते. मग मी विचारते, "दोन दिवसांऐवजी एकच दिवस जमेल का? की महिनाभर सुट्टी घेता?" थांबण्याची सन्मानाची वाट दिली की माणूस पुन्हा येण्याची शक्यता राहते.

पायरी 8: बसचं तिकीट आणि परतीचा रस्ता

स्वयंसेवक म्हणजे पदरमोड करणारा, असं गृहीत धरू नका. विद्यार्थ्याला आठवड्यातून चार वेळा बसचं तिकीट काढणं परवडतंच असं नाही, आणि तो तोंडाने कधी सांगणार नाही. आम्ही सर्वांनाच प्रवासखर्चाचं व्हाउचर देतो. ज्यांना नको ते भरत नाहीत. वर्षाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम, चहा आणि छपाईसकट, स्वतंत्र ओळीत धरा. 'स्वयंसेवक फुकट असतात' असं समजणाऱ्या विश्वस्तांना ती ओळ दाखवा.

वर्ग साडेसातला सुटतो. हिवाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख असतो. एकट्या मुलीने बोळातून बसथांब्यापर्यंत जायचं नाही, हा आमचा नियम आहे. दोघं-तिघं मिळून निघतात, किंवा ताईंचा मोठा मुलगा सोडायला जातो. आणि श्रमदान, रंगकाम, शिबिर असं अंगमेहनतीचं काम असेल तर प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि अपघात विम्याची विचारपूस आधी करा. बँक खातं असलेल्या 18 ते 70 वयाच्या कुणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण घेता येतं. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं.

पायरी 9: आभार कसे मानायचे

शाल-श्रीफळ वर्षातून एकदा ठीक आहे. पण माणसाला धरून ठेवतं ते वेगळंच. "तुमचं काम फार मोलाचं आहे" हे वाक्य मी जवळपास सोडून दिलंय. त्याऐवजी मी सांगते, "त्या आठवीतल्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार आला. काल त्याने फळ्यावर करून दाखवला." हे सांगायला मला ते लक्षात ठेवावं लागतं, म्हणून वहीत टिपून ठेवते.

महिन्यातून एक बैठक घ्या, दीड तासाच्या वर नाही. चहा-पोहे हवेतच. बैठकीत फक्त सूचना वाचून दाखवायच्या असतील तर बैठक घेऊ नका. दर वेळी एक खरा प्रश्न मांडा. 'सातवीची मुलं गुरुवारी का कमी येतात?' असा प्रश्न आम्ही एकदा मांडला. एका नव्या दादाने सांगितलं की गुरुवारी त्या भागात बाजार भरतो आणि मुलं गाड्यावर मदतीला जातात. आमच्या ध्यानात आलं नव्हतं. सातवीचा वर्ग शुक्रवारी नेला. तो दादा त्यानंतर दोन वर्षं राहिला.

पायरी 10: 'नको' म्हणणं

हे टाळावंसं वाटतं. टाळू नका. मुलांवर हात उगारणारा, जातीवरून किंवा आईबापांवरून बोलणारा, नियम कळूनही मुलांना परस्पर मेसेज करणारा माणूस कितीही हुशार असला, कितीही मोठ्या देणगीदाराचा नातलग असला, तरी त्याच दिवशी थांबवायचा. बाकीच्या बाबतीत, म्हणजे उशिरा येणं, तयारी न करणं, वर्गात फोन बघणं, यासाठी एकदा एकांतात स्पष्ट बोला, महिनाभर वाट बघा आणि मग दुसरं काम सुचवा. मुलांशी न जमणाऱ्या एका ताई आमचा सगळा पत्रव्यवहार आता पाहतात आणि त्यांच्यासारखी पत्रं कुणाला जमत नाहीत.

पायरी 11: निरोप

सुरुवातीच्या वर्षांत एक कॉलेजची मुलगी आमच्याकडे यायची. मुलं तिच्यावर जीव टाकायची. पाचवीतल्या एका मुलीला तिने निबंध लिहायला सांगितला होता, 'पुढच्या सोमवारी बघते' म्हणून. त्या सोमवारी ती आली नाही. परीक्षा होती, मग गावी गेली, मग नोकरी लागली असावी. तिने कळवलं नाही, आणि मीही फोन केला नाही. सुमारे महिन्याभराने त्या छोट्या मुलीची वही माझ्या हाती आली. निबंधाचं पान तिने कोपऱ्यात दुमडून ठेवलं होतं आणि पुढची पानं कोरी सोडून सगळा अभ्यास वहीच्या मागच्या बाजूने सुरू केला होता. मी विचारलं तर म्हणाली, "ताई बघायच्यात अजून."

मी त्या रात्री झोपले नाही. तेव्हापासून निरोपाची पद्धत ठरवली.

जायचं असेल तर दोन आठवडे आधी सांगायचं. हे पहिल्याच भेटीत, तीन महिन्यांच्या अटीसोबतच बोलून घ्यायचं. शेवटच्या दिवशी त्या माणसाने मुलांना स्वतः सांगायचं की मी उद्यापासून येणार नाही आणि का येणार नाही. मुलं रडतात, चालतं. हातातल्या वह्या तपासून पुऱ्या करायच्या. प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी वहीत लिहायच्या: काय येतं, कुठे अडतं. नव्या ताईची ओळख जुन्या ताईने करून द्यायची. मग आम्ही एक पत्र देतो, त्यात किती तास आणि नेमकं कोणतं काम केलं ते लिहिलेलं असतं. मुलाखतीत हे पत्र कामी येतं असं मुलं नंतर कळवतात.

अचानक जावं लागलं तर निदान एक फोन, आणि मी तो फोन मुलांसमोर स्पीकरवर लावते. तेवढंही पुष्कळ असतं.

गेलेल्यांची यादी जपून ठेवा आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि जूनमध्ये, त्यांना अभ्यासिकेची खबर कळवा. काही मागू नका. बदली होऊन, लग्न होऊन, निवृत्त होऊन माणसं परत येतात. आमच्याकडचे तिघं असेच आलेले आहेत.

पायरी 12: तुमची स्वतःची रजा

हे सगळं तुमच्या डोक्यात असेल तर तुम्ही आजारी पडलात की अभ्यासिका बंद. म्हणून एक जाड वही करा. कोणाचा कुठला वार, कोणाला खुर्ची लागते, कोणत्या काकांना सहानंतर फोन चालत नाही, कोणत्या मुलीला घरी सोडायचं, प्रवासखर्चाची व्हाउचरं कुठल्या फाइलला लावायची, सगळं त्यात लिहा. मग वर्षातून एकदा मुद्दाम दहा दिवस बाहेर जा, वही ताईंच्या हाती द्या आणि फोन करू नका. परत आल्यावर ताईंना विचारा, वहीत काय सापडलं नाही? ते त्याच दिवशी लिहून टाका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं लिहिलं होतं, फक्त दुसरी किल्ली कुठे असते ते राहिलं होतं. ती समोरच्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला असते. आता ते पहिल्या पानावर आहे.